वर्गीकरणं जोडायला माणूस कशाला म्हणे!

टेपवाला_गिरगाव: काल इथे कोणीतरी टाकलंय, "तीन जुन्या वर्गीकरणांची जोडणी मशीन दोन आठवड्यांत करतं, कॅटलॉगरला पगार कशाला?" डोकंच फिरलं. बावीस वर्षं टेपांच्या संग्रहात यूमॅटिक, बीटाकॅम असल्या जुन्या व्हिडिओटेप हाताळतोय. आमच्या जुन्या नोंदी यूडीसीच्या (ग्रंथालयातलं विषयवार वर्गीकरण) आकड्यांत, बातम्या आयपीटीसीच्या (बातम्यांसाठी ठरवलेले विषय) टॅगांत आणि नाचगाणी कोणीतरी हाताने केलेल्या यादीत. त्या यादीत लावणी संगीतात आहे, कारण टेप बैठकीच्या लावणीची, बाई बसून गातेय, अदा करतेय. दुसरीकडे लावणी लोकनृत्यात. मशीनने लावणी म्हणजेच लोकनृत्य असं जोडलं, आता लावणी शोधली की पहिल्या पानावर कोळीनृत्य.

ठाणेकर_डेटा: पोस्ट माझीच. नातं चुकीचं लावलंत तुम्ही. स्कॉस, म्हणजे वर्गीकरणं लिहायची-जोडायची पद्धत, २००९ पासून डब्ल्यूथ्रीसीचं (वेबचे नियम ठरवणारी संस्था) स्टँडर्ड आहे. एक्झॅक्टमॅच (दोन्ही एकच) पुढे सरकत जातो, अ म्हणजे ब, ब म्हणजे क, की अ म्हणजे क झालंच. म्हणून तर क्लोजमॅच (जवळपास तेच), ब्रॉडमॅच (समोरचा विषय जास्त व्यापक) आहेत. ब्रॉडमॅच लावा, विषय संपला. लाखभर नोंदी हाताने करणार कोण?

टेपवाला_गिरगाव: आणि कुठे कुठला मॅच ते टेप न बघता ठरवणार कोण?

परळची: नाचाचं सोडा हो, जागांची नावं बघा. २९ सप्टेंबर २०१७ ला स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, माझी मामेबहीण वीस मिनिटं आधी तिथून गेलेली. तेव्हा स्टेशन एल्फिन्स्टन रोड, प्रभादेवी झालं २०१८ ला. एका ठिकाणी फुटेज मागायला गेले, त्यांनी प्रभादेवी टाकलं तर सिद्धिविनायकाच्या रांगा आल्या, म्हणे आमच्याकडे नाही. मी एल्फिन्स्टन टाकायला लावलं, लगेच मिळालं.

दादरकर७७: मग जुनं नाव काढूनच टाका ना. व्हीटी व्हीटी करणाऱ्यांचं पण तेच, गुलामीची नावं सांभाळायची हौस.

परळची: माणसं गेली तिथे, हौस कसली? व्हीटीचं १९९६ ला सीएसटी झालं, २०१७ ला त्यात महाराज आले, मलाही अभिमान आहे. पण १९८० च्या टेपच्या डब्यावर व्हीटीच लिहिलेलं असणार, ते पुसलं तर टेप सापडणार कशी?

दादरकर७७: शोधापुरतं ठेवा. दाखवताना नवीनच दिसलं पाहिजे.

ठाणेकर_डेटा: तारखेसकट नावं जोडता येतात, भांडू नका. बरं, ती यादी माणसालाच करावी लागेल, एवढं मान्य. एवढंच.

टेपवाला_गिरगाव: चालेल. आत्ता समोर कार्ड आहे, पेन्सिलीने लिहिलंय 'गिरणगाव, संप, ८२'. गिरणगाव म्हणजे सगळा गिरण्यांचा पट्टा, या नावाचं स्टेशन नाही, वॉर्ड नाही, पिनकोड नाही. लालबागला जोडू, परळला की वरळीला, सांगा.