मदत हवी आहे: पहिली अल्ट्रा, पंचवीस किमीनंतर मळमळ

कसाबसा_धावक: ताईला शब्द दिलाय म्हणून अल्ट्रा शर्यतीला नाव नोंदवलंय. धावण्याची मला मुळात आवड नाही, पण आता माघार घ्यायची नाही. अडचण एकच. लांबच्या धावेत पंचवीस किमीच्या आसपास मळमळायला लागतं, ताकदीसाठीचं गोड, पातळ एनर्जी जेल घशाखाली उतरत नाही, तिथून पुढे नुसती फरफट. आठवड्याचं अंतर वाढवून पाहिलं, फरक नाही. रविवारी परत लांब धाव आहे, लवकर सांगा. मनोबलावरचे सल्ले कृपया नकोत.

रानवाट: अल्ट्रा म्हणजे मॅरेथॉनच्या ४२.१९५ किमीच्या पुढचं काहीही. तुमची किती? ५०, १००, की १६१? रस्ता की डोंगर? कट-ऑफ, म्हणजे पूर्ण करायची मुदत, काय? धावताना काय खाता, किती पिता?

कसाबसा_धावक: ५० किमी, डोंगरातली पायवाट. हातात चार महिने आहेत. पण प्रश्न पोटाचा आहे, कट-ऑफचा नाही.

अनवाणी: जाड तळाचे बूट टाकून द्या. मी पातळ तळाच्या चपलांवर आलो आणि माझं सगळं दुखणं गेलं.

रानवाट: त्यांचं पोट बिघडतंय हो, पाय नाही.

मंदगती: वेग हेच कारण असणार. जोरात धावलं की रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळतं, आतड्याला कमी मिळतं. मग जेल पोटात तसंच पडून राहतं. सोबत्याशी सलग बोलता येईल इतकंच धावा, चढ सरळ चालून काढा. आणि खायला पहिल्या अर्ध्या तासातच सुरुवात करा. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, सरावातही. पोटालाही सवय लावावी लागते.

पोलादी: चालायचंच असेल तर अल्ट्रा कशाला? पूर्ण धावलं तरच ती शर्यत.

मंदगती: हे मला अजिबात पटत नाही. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही अल्ट्रा १९२१ पासून चालू आहे, जवळपास ९० किमी, मुदत १२ तास. तिथे पॉली शॉर्ट्सच्या चढावर कितीतरी जण चालतात. त्यांचं पदक कुणी काढून घेत नाही.

वाटसरू: कॉम्रेड्सची दिशा दरवर्षी बदलते ना? एकदा डर्बनहून वर, एकदा पीटरमॅरिट्झबर्गहून खाली?

मंदगती: साधारण तसंच. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅफम यांनी ती सुरू केली. उताराचं वर्ष सोपं असेल असं वाटतं, पण मांड्या पार पिळून निघतात.

रानवाट: मूळ प्रश्नावर येऊ या का? पाण्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

कसाबसा_धावक: पाणी भरपूर पितो. तहान असो नसो, दर दोन किमीला अर्धी बाटली. शेवटी शेवटी बोटं सुजल्यासारखी होतात, घड्याळाचा पट्टा एक भोक सैल करावा लागतो. गुडघेदुखीसाठी निघायच्या आधी आयबुप्रोफेन या वेदनाशामकाची एक गोळी असते, ती तर सगळेच घेतात.

रानवाट: अहो, हे आधी सांगायला हवं होतं! मळमळ, सुजलेली बोटं, घट्ट होणारा पट्टा: पाणी जास्त होऊन रक्तातलं सोडियम पातळ होत असण्याची ही खूण असू शकते. प्रकरण गंभीर होतं, मेंदूला सूज येऊन माणसं दगावली आहेत. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं त्यांना धोका जास्त होता. निघण्याआधी आणि आल्यावर वजन करा. वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालं. तहान लागेल तेवढंच प्या. आणि ती गोळी बंद. लांब धावेत ती मूत्रपिंडावर ताण आणते, पोटही बिघडवते.

पोलादी: मिठाच्या गोळ्या घ्या, काम होईल.

रानवाट: होणार नाही. पाण्याचा मारा तसाच ठेवला तर मीठ कुठवर पुरेल? आणि कसाबसा, कधी डोकं फार दुखलं, भान हरपल्यासारखं वाटलं, तर पाणी न पिता थेट डॉक्टर गाठा. गुडघाही दाखवून घ्या. गोळीने दुखणं फक्त झाकलं जातंय.

कसाबसा_धावक: रविवारची धाव झाली. गोळी नाही, तहानेपुरतं पाणी, चढ चालून. वजन आधीपेक्षा थोडं कमी भरलं, पट्टा होता तिथेच राहिला. पंचविसाच्या पुढेही जेल गेलं, उकडलेला बटाटाही गेला. रानवाट, मंदगती, मनापासून आभार. गुडघ्यासाठी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आता मांड्या इतक्या भरून आल्यात की जिना कठड्याला धरून उतरतोय. हे किती दिवस चालतं?

मंदगती: उतारामुळे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, म्हणून ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त. पुढच्या वेळी त्याच उताराला कमी दुखेल. पंधरवड्यातून एकदा उताराचा सराव ठेवा, त्यानंतर दोन दिवस नुसतं चाला.

अनवाणी: चपलांचं मात्र मनावर घ्या.