मदत हवी आहे: कोल्हापूरची पेन्शन कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात (बेळगाव) कशी आणायची?

मंडळी, आमच्या मामांना दोन वर्षामागं लकवा मारला, उजवा हात अजून उचलत नाही, कोल्हापुरात होते तवर संजय गांधी निराधारचे महिन्याला १५०० यायचे, आता मामी गेल्यावर त्यांना आमच्याकडं खानापूर तालुक्यात आणलंय. आधार, रेशनकार्ड सगळं तिकडचं. नाडकचेरीत (इथलं महसूल हापीस) गेलो तर म्हणाले आधी इथला पत्ता करून आणा, फॉर्म कन्नडात, मामांनी डाव्या हाताचा अंगठा लावला न गप्प बसले (सही काय झोकात करायचे हो). युडीआयडी कार्ड (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) हाय, ८० टक्के अपंगत्वाचं, ते तर देशभर चालतंय न्हवं? मग तिकडची पेन्शन आधी बंद करून दाखला आणायचा की इकडं अर्ज टाकून मग? मधले महिने कोरडे गेले तर गोळ्यांचं काय. कुणी केलं असलं तर सांगा की.