मदत हवी आहे: आईला ग्रेव्हज डिसीज (थायरॉईड जास्त चालण्याचा आजार), फ्री टी४ नॉर्मल आलं तरी टीएसएच जागचं हललेलं नाही

नमस्कार मंडळी,

आई ५२ वर्षांची आहे, सांगलीला असते. मी पुण्यात. दिवाळीनंतर तिचं वजन भराभर उतरायला लागलं. खाणं उलट वाढलेलं, पण अंगाला काही लागेना. छातीत धडधड, झोप उडालेली. सुईत दोरा ओवताना हात इतका थरथरायचा की तिने शिलाई मशीन झाकूनच ठेवलं. आम्हाला वाटलं शुगर असेल, ती नॉर्मल निघाली. मग फॅमिली डॉक्टरांनी थायरॉईड तपासायला लावलं.

पहिला रिपोर्ट असा (टी४ आणि टी३ हे थायरॉईडचे हार्मोन, टीएसएच थायरॉईडला चालवणारा; कंसात लॅबची मर्यादा):
टीएसएच ०.००५ पेक्षा कमी (०.२७ ते ४.२)
फ्री टी४ ३.९ (०.९३ ते १.७)
फ्री टी३ १२.४ (२.० ते ४.४)
टीएसएच रिसेप्टर अँटीबॉडी ९.८ (१.७५ च्या वर पॉझिटिव्ह)

एंडोक्रायनॉलॉजिस्टनी (हार्मोनच्या डॉक्टरांनी) ग्रेव्हजचं निदान केलं. थायरॉईड आवरणारी कार्बिमाझोल ३० मिग्रॅ, सोबत धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल. सहा आठवड्यांनी त्याच लॅबमधून पुन्हा तपासलं: फ्री टी४ १.२, फ्री टी३ ४.१, पण टीएसएच अजून ०.००५ पेक्षा कमीच. आणि डॉक्टरांनी कार्बिमाझोल चक्क अर्ध्यावर, १५ वर आणली! ओपीडीत इतकी गर्दी होती की नीट विचारता आलं नाही. घरी मावशी म्हणतेय, "टीएसएच सुधारलं नाही म्हणजे औषध लागू पडत नाहीये, डोस वाढवायला हवा." आईही घाबरली आहे.

विचारायचं आहे ते हे: टीएसएच तसंच असताना डोस कमी कसा होतो? आणि आई केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेते, त्याने रिपोर्ट बिघडतो असं वाचलं, ते खरं का?

प्रतिसाद

ताई, मी डॉक्टर नाही, पण या आजाराची गोळी स्वतः घेतली आहे आणि याच प्रश्नावरून माझ्या डॉक्टरांना भरपूर छळलं आहे.

तुमच्या आईंचा दुसरा रिपोर्ट चांगला आहे. टीएसएच हा मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा हुकूम: थायरॉईड कमी पडली की वाढतो, जास्त झाली की थांबतो. ग्रेव्हजमध्ये अँटीबॉडीच टीएसएचची जागा घेऊन थायरॉईडला पळवत राहतात, म्हणून पिट्युटरी गप्प बसते. बरेच दिवस दबून राहिल्यावर ती लगेच जागी होत नाही. टी४, टी३ नॉर्मल झाल्यानंतरही टीएसएच वर यायला कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात. म्हणून सुरुवातीला डोस ठरतो तो फ्री टी४ आणि टी३ बघून. ३.९ वरून १.२ म्हणजे औषध जोरात लागू पडलंय. तोच डोस चालू ठेवला असता तर थायरॉईड उलट कमी पडली असती. मावशींना हे नक्की सांगा, डोस मनाने वाढवू नका.

बायोटिनचं खरं आहे. काही लॅबच्या पद्धतीत त्याने टीएसएच खोटं कमी आणि फ्री टी४ खोटं जास्त दिसतं, अँटीबॉडीही पॉझिटिव्ह दिसू शकते. हातांची थरथर, उतरलेलं वजन ही लक्षणं बायोटिनने होत नाहीत, पण ती गोळी सुरू आहे हे डॉक्टरांना सांगाच. पुढच्या तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा. डोस मोठा असेल तर किती दिवस, ते त्यांनाच विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कार्बिमाझोल चालू असताना ताप आला, घसा दुखला किंवा तोंड आलं तर साधी सर्दी समजून घरी बसू नका. क्वचित या औषधाने पांढऱ्या पेशी एकदम घटतात. गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी दिसली तरीही तसंच. आई एकट्या राहत असतील तर हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा.

धागाकर्ती

खूप आभार! बाबा सोबत असतात, त्यांना आत्ताच फोन करून तापाचं सांगितलं. बायोटिनची बाटली बाबांनी बाजूला ठेवली आहे, डॉक्टरांना विचारूनच पुढचं ठरवू. एक राहिलं: आईच्या डोळ्यांत हल्ली वाळू गेल्यासारखं खुपतं. हे ग्रेव्हजमुळेच असेल का, की आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं?