क्रूझवरचं जेवण खरंच कसं असतं? आई-बाबांना घेऊन सिंगापूरहून जायचंय

मुठाकाठ
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन सिंगापूरहून क्रूझला जायचं चाललंय, पेनांग आणि फुकेत असा रूट आहे. टूरवाल्याला जेवणाचं विचारलं तर म्हणे "सर, सगळं अनलिमिटेड आहे". मला अनलिमिटेड नकोय हो, चांगलं हवंय. आई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, केकमधलं पण चालत नाही. बाबांना डायबेटिस, रात्री साडेसात-आठला जेवण आणि दोन फुलके लागतातच. मी आणि बायको सगळं खातो, मासे तर जास्तच.

आईच्या डोक्यात एकच बसलंय की इतक्या हजारो लोकांचं जेवण म्हणजे कालचं उरलेलं आज गरम करून वाढत असणार. आणि मला स्वतःला भीती पोटाची, कारण दर काही महिन्यांनी बातमी येते की अमुक जहाजावर शेकडो लोकांना उलट्या-जुलाब. एक मित्र म्हणतो हे सगळं सोड, मुंबईहून गोवा नाहीतर लक्षद्वीप कर, तिथे जेवण आपलंच असतं. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज नीट सांगा, एजंटच्या व्हॉट्सॅप फॉरवर्डवर विश्वास नाही राहिलेला.

डोंबिवलीकरीण
आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन सिंगापूरहूनच गेलो होतो, त्यामुळे लिहिते. सिंगापूरहून जास्त करून रॉयल कॅरिबियनची जहाजं आणि स्टारड्रीम क्रूझेसचं (आधीचं रिसॉर्ट्स वर्ल्ड) गेंटिंग ड्रीम सुटतं. तिथे आपले लोक इतके असतात की भारतीय शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय दोन्हीकडे असते, ते टेन्शन घेऊ नका. फक्त बुकिंग करतानाच प्रत्येक माणसाच्या नावापुढे लिहून घ्या, ईमेलवर घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका.

आता चव. बफेवर रोज भात, डाळ, एक-दोन भाज्या, रोटी, रायतं असायचं. भाज्या पंजाबी वळणाच्या, त्याच लाल ग्रेव्हीत कधी पनीर कधी मटार, तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो हे खरं आहे. पण ब्रेड, फळं, सॅलड, सकाळचा नाश्ता फार छान.

तुमच्या आईंसाठी मुद्दाम सांगते, नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही. त्यांच्याकडे व्हेजमध्ये अंडं येतं. भाज्यांचं दिसणारं सूप चिकनच्या पाण्यात केलेलं असू शकतं, आशियाई काउंटरवरच्या परतलेल्या भाजीत ऑयस्टर सॉस किंवा फिश सॉस असतो आणि मूसमध्ये, जेलीत, पन्ना कोटात जिलेटिन (ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात). प्रत्येक वेळी विचारायचं, लाजायचं नाही, ते लोक आत जाऊन शेफला विचारून येतात. आणि बफेवरचे चिमटे! लोक एकच चिमटा इकडून तिकडे फिरवतात. सासूबाईंनी ते बघितलं आणि त्यानंतर बफेवरचं फक्त सोललेलं फळ आणि दही. मग आम्ही खालच्या बसून जेवायच्या हॉलमध्ये जायला लागलो आणि त्यांचा सगळा मूडच बदलला.

तारवटी_मडगाव
मी कामाचा बहुतेक काळ जहाजाच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, काढला, भांडी धुण्यापासून सुरुवात करून हॉट गॅलीत कूक झालो, सगळा काळ अमेरिकेच्या बाजूच्या मोठ्या जहाजांवर. गोव्यातले आमच्यासारखे खूप जण तिथे आहेत, सासष्टीत घरटी एक तारवटी (जहाजावर काम करणारा) मिळेल. वरती जे जेवण वाढलं जातं त्याच्यामागे काय चालतं ते कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं, आईंच्या शंकेबद्दल. बफेवर मांडलेलं जेवण दुसऱ्या दिवशी परत मांडत नाहीत. अमेरिकन बंदरात जाणाऱ्या जहाजांना तिथल्या सीडीसीची, म्हणजे सरकारी आरोग्य संस्थेची, तपासणी असते, व्हेसल सॅनिटेशन प्रोग्रॅम म्हणतात, १९७० च्या दशकात सुरू झालेली. आम्ही सगळे तिला "यूएसपीएच" म्हणायचो आणि ते नाव कानावर पडलं की अख्खी गॅली सावध. तपासनीस न सांगता येतात, १०० पैकी मार्क देतात, ८५ किंवा खाली आलं की जहाज नापास आणि तो स्कोअर वेबसाइटवर कुणीही वाचू शकतो. गरम जेवण ५७ डिग्री सेल्सियसच्या खाली नको, थंड ५ च्या वर नको. जे तापमानावर न ठेवता वेळेवर मांडतात त्याला चार तासांची मर्यादा, चार तास झाले की टाकायचं, चांगलं दिसत असलं तरी टाकायचं. शिजवलेलं थंड करायचं असेल तर दोन तासांत ५७ वरून २१ वर आणि पुढच्या चार तासांत ५ वर, त्यासाठी ब्लास्ट चिलर (झटपट थंड करणारी यंत्रं) असतात. प्रत्येक गोष्टीची नोंद वहीत. इतकं अन्न टाकताना सुरुवातीला माझा जीव तुटायचा, घरी भाताचं शीत टाकू न देणाऱ्या माणसांत वाढलोय आपण. पण शिळं वाढतात ही भीती मनातून काढून टाका.

मात्र ही तपासणी अमेरिकेच्या बंदरात जाणाऱ्या जहाजांचीच, सिंगापूर-फुकेत करणाऱ्या जहाजाला ती लागू होईलच असं नाही. मोठ्या कंपन्या सगळीकडे साधारण त्याच पद्धतीने काम करतात कारण माणसं तीच, ट्रेनिंग तेच, जहाजंही इकडून तिकडे फिरत असतात.

आता चवीचं. जहाजावर गॅसच्या शेगड्या नसतात, आगीची भीती असते म्हणून सगळं विजेवर. त्यामुळे फुलका आचेवर टम्म फुगवणं विसरा, चपाती तव्यासारख्या मोठ्या सपाट प्लेटवर होते. दुसरं, मेन डायनिंगला, म्हणजे बसून जेवायच्या हॉलमध्ये, दोन पंगती असतात, साधारण साडेपाच-सहाची आणि आठ-सव्वाआठची. एका पंगतीला हजारभर ताटं तासाभरात बाहेर जायची असतात. स्टेक, मासा हे आधी थोडं कच्चं ठेवून शेवटी ओव्हनमध्ये पूर्ण करतात, सॉस मोठ्या टिल्टिंग पॅनमध्ये. म्हणून जे पदार्थ मोठ्या प्रमाणात चांगले होतात ते मागवा: सूप, रस्से, हळू शिजवलेलं मटण, करी, डाळ, ब्रेड. ब्रेड तर रात्रभर जागून बेकर करतात, तो मनापासून खा.

माशांबद्दल, दादा, अपेक्षा कमी ठेवा. कोळंबी, सामन, पांढरा मासा जवळजवळ सगळा फ्रोझन येतो. सुटायच्या बंदरात पॅलेटवर लोडिंग होतं, मान्यता असलेल्या सप्लायरकडूनच घेतात. जहाज फुकेतला थांबलं म्हणून तिथल्या बाजारातला मासा वर येत नाही. मासे खायचे तर किनाऱ्यावर उतरून खा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही युक्ती आपल्या लोकांना माहीत नसते. डायनिंग रूममध्ये पहिल्या रात्रीच हेड वेटरला भेटा आणि सांगा की आई शाकाहारी, अंडं नाही, भारतीय जेवण हवंय, आणि उद्या रात्रीसाठी दोन पदार्थ सांगून टाका. गॅलीत आपल्याकडचे कूक हमखास असतात, क्रू मेसला (कर्मचाऱ्यांच्या खानावळीत) रोज करी-भात होतच असतो. आदल्या रात्री कागदावर आलं की दुपारी आम्ही त्या माणसासाठी वेगळ्या भांड्यात करायचो, जिरं-मोहरीची फोडणी देऊन, आणि खरं सांगतो, ते करताना हात वेगळाच चालायचा. आयत्या वेळी सांगितलं तर मात्र बफेवरची तीच ग्रेव्ही ताटात येते, कारण पंगत चालू असताना कुणाला वेगळं करायला फुरसत नसते.

सह्याद्रीवेडा
सगळं गोडगोड चाललंय म्हणून दुसरी बाजू. आम्ही युरोपात एका नावाजलेल्या कंपनीच्या जहाजावर होतो आणि जेवण मला तरी सुमार वाटलं. ताटं दिसायला सुंदर, चवीला सगळं सारखंच, मीठ कमी, तिखट शून्य. आणि जे चांगलं आहे ते सगळं वेगळ्या पैशाच्या रेस्टॉरंटमध्ये ढकललंय, दिवसातून दोनदा कुणीतरी येऊन स्टेकहाऊसचं पॅकेज विकायला बसतं. पूर्वी मिडनाईट बफे असायचे, ते बहुतेक जहाजांवरून गेले. २०१७ मध्ये रॉयल कॅरिबियनने रूम सर्व्हिसला ७.९५ डॉलर लावले, कॉन्टिनेंटल नाश्ता तेवढा फुकट राहिला, इतरांनीही असंच काही ना काही लावलं. तिकीट स्वस्त दाखवायचं आणि आत गेल्यावर वसूल करायचं, हा धंदा मला पटत नाही. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाताय तर बजेट करताना हे धरा.

एडिसनकर
सह्याद्रीवेडा, तुमचं म्हणणं बरोबर आहे पण अर्धंच. पैसे देऊन खायची रेस्टॉरंट छोटी, तिथे पन्नास-साठ ताटं करायची असतात, साहजिकच चांगलं होतं. पण आई-बाबांसोबत आम्ही कॅरिबियनला जातो तेव्हा एक पैसा जास्त न देता व्यवस्थित जेवतो. कार्निव्हल कंपनीच्या जहाजांवर डायनिंग रूममध्ये भारतीय शाकाहारी जेवण मागितलं की मिळतं, मेनूवर ठळक नसलं तरी. तारवटी काकांनी सांगितलेली आदल्या रात्रीची युक्ती शंभर टक्के खरी, आमच्या आईसाठी एका कूकने भेंडी केली होती आणि शेवटच्या दिवशी तो स्वतः टेबलापाशी भेटायला आला, आईने त्याच्या आईची चौकशी केली, दोघंही रडवेले. सॉरी, विषयांतर झालं.

पोटाबद्दल. जहाजावर ज्या साथी येतात त्यातल्या बहुतेक नोरोव्हायरसच्या (उलट्या-जुलाबाचा व्हायरस), आणि सीडीसीच म्हणतं की नोरोव्हायरसच्या एकूण नोंदलेल्या साथींपैकी जहाजांवरच्या जेमतेम १ टक्का आहेत. बाकीच्या हॉस्पिटलं, वृद्धाश्रम, शाळा, हॉटेलं यांत. जहाजांचं बाहेर येतं कारण त्यांना कळवणं बंधनकारक आहे, ३ टक्के प्रवासी किंवा क्रू आजारी पडला की नाव जाहीर होतं. दर वेळी जेवण खराब होतं असंही नाही, एका माणसाच्या हाताने कठड्याला, चिमट्याला, लिफ्टच्या बटणाला लागतं आणि पसरतं. बफेच्या दारात सॅनिटायझर शिंपडतात त्यावर विसंबू नका, या व्हायरसवर तो फारसा चालत नाही. साबण आणि पाणी, वीस सेकंद, जेवायच्या आधी दर वेळी. बाबांना डायबेटिस आहे म्हणून हे जास्तच कळकळीने सांगतोय, त्यांना जुलाब झाले आणि गोळ्या चालू असल्या तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. त्यांच्या डॉक्टरांना जायच्या आधी विचारून ठेवा की असं झालं तर गोळ्यांचं काय करायचं, आणि ओआरएसची पाकिटं बॅगेत ठेवा.

मुठाकाठ
खूप खूप आभार सगळ्यांचे, आईला तारवटी काकांचा रिप्लाय वाचून दाखवला, चार तासांनी टाकून देतात हे ऐकून तिला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. आता दोन-तीन शंका. बाबांना आठच्या पंगतीपर्यंत थांबता येईल का, की साडेपाचची घ्यावी? घरून काय नेता येतं? आई लाडू, मेतकूट आणि चहाची छोटी इलेक्ट्रिक किटली घेऊन निघायच्या तयारीत आहे. आणि मुंबईच्या जहाजाबद्दल कुणीच बोललं नाही.

डोंबिवलीकरीण
किटली घरीच ठेवा. गरम होणारी वस्तू जहाजावर चालत नाही, स्कॅनरला दिसली की काढून घेतात आणि उतरताना परत देतात. थर्मास न्या, बफेवरून गरम पाणी भरून आणता येतं. घरी केलेला खाऊ बहुतेक कंपन्या चालवून घेत नाहीत, दुकानातली सीलबंद पाकिटं चालतात. त्यामुळे मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, खाकरे, चहाचा मसाला हे पॅकबंद घ्या. लाडू विमानात आणि सिंगापूरच्या हॉटेलातच संपवा.

आणि एक फार महत्त्वाचं, खसखस नको. सिंगापूरला खसखशीवर बंदी आहे, अमली पदार्थांच्या कायद्यात बसते. तुम्ही दिवाळीनंतर जाताय, फराळातले अनारसे चुकूनही बॅगेत टाकू नका, घरच्या मसाल्यात खसखस भाजून घातली असेल तर तोही नको.

तारवटी_मडगाव
पंगतीचं: ठरलेल्या वेळेऐवजी मोकळ्या वेळेचं डायनिंग मिळत असेल तर ते घ्या, सात-साडेसातचं टेबल बुक करा, बाबांचं औषध आणि जेवण जुळेल. ते नसेल तर लवकरची पंगत घ्या आणि रात्री बफेवरून काहीतरी हलकं. उशिराची पंगत साडेनऊपर्यंत लांबते, डायबेटिसवाल्यांना ती बरी नाही. शुगर-फ्री गोड बहुतेक डायनिंग रूममध्ये मिळतं, पण त्यातही अंडं असू शकतं हे आईंच्या बाबतीत लक्षात ठेवा.

चहाचं सांगतो. जहाजावरचं पाणी समुद्राचं गोडं केलेलं असतं किंवा बंदरात भरलेलं, आणि नियमाप्रमाणे त्यात क्लोरिन ठेवावंच लागतं. आपल्या जिभेला चहात ते कळतं. दूध वेगळं गरम मागून घ्या आणि पावडर जरा जास्त टाका.

मुंबईच्या जहाजाबद्दल. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस हे १९९० चं जहाज, आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं, २०२१ पासून आपल्याकडे चालतं. जहाज लहान आणि जुनं, पण प्रवासी जवळजवळ सगळे भारतीय, त्यामुळे भारतीय जेवण हेच तिथलं मुख्य जेवण, जैनही मिळतं. आईंना प्रत्येक पदार्थाला "यात काय आहे" विचारत बसावं लागणार नाही. तुम्हा दोघांना वेगवेगळं खाऊन बघायचंय त्याला सिंगापूर बरं. माझं मत विचारलं तर पहिल्यांदा जाताय आणि आई इतक्या काटेकोर आहेत, तर मी मुंबईहून लक्षद्वीप करेन. सिंगापूरच करायचं ठरलं तर जहाजाचं नाव आणि तारीख इथे टाका, त्या कंपनीत आमच्या वाड्यावरचा कुणी गॅलीत असेल तर विचारून डायनिंगला नेमकं कुणाशी बोलायचं ते सांगतो.