इन्सुलिनच्या सुया, पाऱ्याचा थर्मामीटर, जुन्या गोळ्या: घरातला घातक कचरा मुंबईत कोणाच्या हाती द्यावा?

प्रश्न | सचिव, मुलुंड पूर्व

नमस्कार. मी मुलुंड पूर्वेतील ६४ घरांच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची सचिव आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा देण्याची शिस्त आमच्याकडे बऱ्यापैकी रुजली आहे. दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन, वाळवून खाली येतात. त्यामुळे आपले ठीक चालले आहे, अशी माझी समजूत होती. मागच्या मंगळवारी सुका कचरा निवडताना आमच्या सफाई कामगार ताईंच्या तर्जनीत इन्सुलिनची सुई घुसली. हातात रबरी मोजा होता, पण सुई त्यातून आरपार गेली. पिशवीवर कोणाचे नाव नसते, त्यामुळे ती कोणाच्या घरातून आली हे कळण्यास मार्ग नव्हता. ताईंनी बोट पदराला पुसले आणि त्या पुढच्या मजल्यावर गेल्या. मला हे संध्याकाळी समजले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांना रुग्णालयात नेले आणि आता उपचार सुरू आहेत.

त्या रात्री मी स्वतःच्या घरातले कप्पे उघडून पाहिले. सासूबाई गेल्यानंतर त्यांच्या औषधांचा डबा तसाच राहिला होता. त्यात अर्ध्या वापरलेल्या पट्ट्या, दम्याचे दोन पंप आणि पाऱ्याचा एक थर्मामीटर निघाला. टीव्हीखालच्या खणात अकरा पेन्सिल सेल आणि फुगलेल्या बॅटरीचा एक जुना मोबाइल सापडला, तर दारामागे दोन जुन्या ट्यूबलाइट उभ्या होत्या. हे सगळे कुठे द्यायचे, आणि तोवर कसे ठेवायचे? सुयांबाबत तर आम्हाला आजच काहीतरी ठरवायचे आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ | निवृत्त परिचारिका, परळ

सचिवताई, आधी ताईंविषयी लिहिते. सुई टोचली की ती जागा लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. बोट पिळून रक्त काढू नये आणि तोंडात तर मुळीच घालू नये. त्यानंतर विनाविलंब रुग्णालय गाठावे, कारण एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे पहिल्या काही तासांत सुरू झाली तर सर्वांत उपयोगी पडतात आणि ७२ तासांनंतर त्यांचा लाभ होत नाही. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताच्या लशीविषयीही डॉक्टरांना विचारून घ्यावे. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी नेलेत, म्हणजे मुदतीत नेलेत. मात्र सांगितलेला औषधांचा क्रम पूर्ण होईपर्यंत आणि पुढच्या तपासण्यांनाही संस्थेने त्यांच्या सोबत राहावे आणि त्या दिवसांचा पगार कापू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सुई लागली तर कामावरून काढतील, या भीतीने या बायका गप्प राहतात. असे प्रसंग मी वॉर्डात अनेकदा पाहिले आहेत.

आता सुयांकडे वळू. फिनाइलची किंवा कपडे धुण्याच्या द्रव साबणाची रिकामी बाटली घ्यावी. तिचे प्लास्टिक जाड असते आणि झाकण आट्यांचे असते. पाण्याची बाटली घेऊ नये, कारण ती दाबली गेली की सुई बाहेर येते. सुई वापरून झाली की तिथल्या तिथे बाटलीत टाकावी. सिरिंजच्या सुईवर दोन्ही हातांनी टोपण परत बसवायला जाऊ नये. घरात सुई टोचते ती अनेकदा त्याच क्षणी. इन्सुलिन पेनची सुई काढण्यासाठी तिचे बाहेरचे मोठे टोपण वापरावे आणि टोपणासकट ती बाटलीत जाऊ द्यावी. बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट लावून भोवती चिकटपट्टी गुंडाळावी आणि ठसठशीत मराठीत व हिंदीत 'सुया' असे लिहावे. रोज रक्तातील साखर तपासणारे लोक बोट टोचण्याची छोटी लॅन्सेट सर्रास सुक्या कचऱ्यात टाकतात. तीही याच बाटलीत जायला हवी.

थर्मामीटर अख्खा असेल तर त्याच्या नळीसकट काचेच्या बरणीत झाकण लावून ठेवा. त्यात साधारण अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. तो फुटलाच, तर मुलांना खोलीबाहेर काढा, खिडक्या उघडा आणि पंखा बंद करा. हातातल्या सोन्याच्या बांगड्या आणि अंगठ्या आधी उतरवून ठेवा, कारण पारा सोन्याला धरतो. झाडू लावू नका, त्याने थेंब फुटून सगळीकडे पसरतात. जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी थेंब एकमेकांकडे ढकलून गोळा करा, उरलेले बारीक थेंब चिकटपट्टीने टिपा आणि पट्टी, पुठ्ठा, काच असे सारे त्याच बरणीत बंद करा. खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च मारला की फटीत अडकलेला पारा चमकतो आणि लगेच सापडतो. बेसिनमध्ये किंवा मोरीत त्यातले काहीही ओतू नका.

औषधांबाबत एक सवय आपण सर्वांनी मोडायला हवी, ती म्हणजे गोळ्या संडासात टाकून पाणी सोडण्याची. मुलुंड-भांडुपचे सांडपाणी शेवटी ठाण्याच्या खाडीला मिळते, आणि सांडपाण्यावरची प्रक्रिया अनेक औषधांचे अंश पुरते काढू शकत नाही. घरातली चांगली, मुदतीतली पट्टी कोणा गरजूला परस्पर देऊ नये, डॉक्टरांना विचारावे. मुदत संपलेली पट्टी अख्खी टाकली तर ती उचलून पुन्हा विकली जाण्याचा धोका असतो. म्हणून स्वतंत्र देण्याची सोय होईपर्यंत गोळ्या पट्टीतून काढून, न चुरता, चहाच्या चोथ्यात मिसळून बंद पिशवीत ठेवाव्यात. खोकी आणि माहितीचे कागद सुक्या कचऱ्यात द्यावेत. दम्याचे पंप दाबाखालचे असतात, त्यांना भोक पाडू नये आणि आगीजवळ नेऊ नये.

उत्तर २ | स्थानिक परिसर समितीचा कार्यकर्ता, घाटकोपर

वरच्या उत्तरात घरातली बाजू नेमकी आली आहे. मी दाराबाहेरची बाजू मांडतो. हा कचरा देण्याची सोय मागणे हा आपला हक्क आहे, याची अनेकांना कल्पना नसते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांमध्ये 'घरगुती घातक कचरा' अशी वेगळी व्याख्या केली होती; एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी नवे नियम आले आहेत. रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, सीएफएल, ट्यूबलाइट, मुदतबाह्य औषधे, फुटलेले थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया आणि सिरिंज ही सगळी नावे त्या व्याख्येत होती. म्हणजे आपल्या खणातली जवळजवळ संपूर्ण यादी त्यात येते. २०१६ च्या त्याच नियमांत स्थानिक संस्थेने दर २० चौरस किलोमीटरला असा कचरा जमा करण्याचे एक केंद्र उभारावे, असे म्हटले होते. त्यामुळे विभाग कार्यालयात अर्ज करताना 'कृपया मदत करावी' एवढेच न लिहिता, आमच्या विभागातले केंद्र कुठे आहे आणि गाडी कोणत्या दिवशी येईल, असे थेट विचारावे. तुमचे टी विभाग कार्यालय. तक्रारीसाठी १९१६ हा क्रमांक आहेच.

त्याशिवाय महापालिकेने २०२५ मध्ये सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा स्वतंत्रपणे गोळा करण्याची सेवा सुरू केली आहे. सोसायट्या, वसतिगृहे आणि ब्यूटी पार्लर तिच्यासाठी नोंदणी करू शकतात. वापरलेले पॅड, डायपर, बँडेज, मुदतबाह्य औषधे आणि सुया यांच्यासाठीच ती आहे. नोंदणी एकेका घराने करण्यापेक्षा संस्थेने केली तर गाडी नियमित येण्याची शक्यता वाढते, असे मला वाटते. पॅड आणि डायपर कागदात घट्ट गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, म्हणजे निवडणारी व्यक्ती पुडी उघडून पाहत नाही.

आमच्या घाटकोपरला या कामाची जुनी परंपरा आहे, म्हणून थोडे विषय सोडून लिहितो. १९९६ साली जोशी लेनमधील रहिवाशांनी आपल्या गल्लीचा कचरा आपणच वेगळा करायला सुरुवात केली आणि त्यातून पुढे महापालिकेची एएलएम (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) योजना, म्हणजे रहिवासी आणि महापालिका मिळून परिसराची काळजी घेण्याची योजना, उभी राहिली. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून परिसर विकास उपक्रमातून कचरावेचक महिलांना प्रशिक्षण दिले आणि बचत गटांत संघटित केले. या महिलांसोबत एकदा निवडणीला बसून पाहा. पिशवीची गाठ सोडताना त्या आधी बोटांनी बाहेरूनच चाचपतात. काच आहे का, सुई आहे का, ओले काही आहे का, हे त्यांना हातानेच समजून घ्यावे लागते, कारण आपण बाहेर काहीच लिहिलेले नसते. आणि मुलुंडकरांना मी काय सांगावे! २०१८ मध्ये बंद होईपर्यंत तिथल्या क्षेपणभूमीचा वास तुम्ही घरात बसून सोसला आहे. आता शहराचा बहुतांश कचरा तुमच्या शेजारी कांजूरमार्गला जातो आणि १९२७ पासूनची देवनारची क्षेपणभूमी अजूनही तिथेच आहे. सुक्या कचऱ्यात लपलेला पारा किंवा बॅटरी शेवटी याच दोन ठिकाणी कोणाच्या तरी पायाशी येते.

उत्तर ३ | विद्युत उपकरण दुरुस्ती, दादर

फुगलेल्या बॅटरीविषयी तातडीने लिहितो. तो मोबाइल चार्जिंगला लावू नका, बॅटरी स्वतः उचकटून काढू नका आणि दाबूही नका. कोरडी वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवून, झाकण घट्ट न लावता, तो डबा गॅस आणि पडद्यांपासून दूर ठेवा आणि लवकरात लवकर अधिकृत ई-कचरा संकलकाकडे किंवा त्या कंपनीच्या सेवा केंद्रात द्या. सुक्या कचऱ्यात गेलेली लिथियम बॅटरी गाडीतल्या काँपॅक्टरखाली (कचरा दाबणाऱ्या यंत्राखाली) दबली की आग लागू शकते. पेन्सिल सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून प्लास्टिकच्या डब्यात साठवा. इन्व्हर्टरची बॅटरी मात्र भंगारात देऊ नका. नवी घेताना विक्रेता जुनी परत घेतो आणि तिचे पैसेही वळते करतो. ट्यूबलाइट नव्या ट्यूबच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवी ठेवा. तिच्यातला पारा काही मिलिग्रॅमच असतो, पण ती फुटली की त्याची वाफ थेट श्वासात जाते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून नवे उपकरण घेताना दुकानदाराला जुन्याचे काय करणार, हे अवश्य विचारा.

सचिव, मुलुंड पूर्व

सर्वांचे मनापासून आभार. काल संस्थेची तातडीची सभा घेतली. विचारणा केली तेव्हा नऊ घरांत रोज इन्सुलिन घेतले जाते असे कळले. इतकी वर्षे शेजारी राहूनही ही संख्या आम्हाला ठाऊक नव्हती. नऊही घरांना फिनाइलच्या बाटल्या दिल्या आहेत. पहारेकऱ्याच्या खोलीत कुलूपबंद कपाट ठेवले असून त्यात सुया, औषधे आणि बॅटऱ्या यांचे वेगळे खण केले आहेत. किल्ली माझ्याकडे आणि खजिनदारांकडे आहे. विभाग कार्यालयाला पत्र दिले आहे आणि त्याची पोच घेतली आहे. ताईंची औषधे व्यवस्थित चालू आहेत, पुढच्या तपासणीला मी स्वतः सोबत जाणार आहे. त्यांच्यासाठी जाड हातमोजे आणि लांब चिमटा आणला आहे.

एक शंका राहिली. पट्टी गुंडाळलेली बाटली कपाटात किती दिवस ठेवलेली चालेल?

निवृत्त परिचारिका, परळ

सुया कुजत नाहीत, त्यामुळे बाटली घट्ट बंद असेल तर काही आठवडे राहिली तरी हरकत नाही. मात्र बंद केल्याची तारीख लेबलवर लिहा आणि बाटली उभीच ठेवा. भरलेली बाटली पुन्हा उघडून त्यात आणखी सुया कोंबू देऊ नका, त्याऐवजी त्या घराला लगेच दुसरी बाटली द्या. आणि चिमटा दिलात हे फार चांगले केलेत, पण तो ताईंना हाताळता येतो का, हे त्यांच्याशेजारी बसून एकदा पाहा. लांब चिमट्याने बारीक वस्तू नीट पकडता आली नाही, की माणूस तो बाजूला ठेवून पुन्हा हातच घालतो.