मदत हवी आहे: ड्रंक अँड ड्राइव्हची पहिलीच केस, लायसन्सचे ३ महिने कधीपासून मोजतात?

नागपूर. मामेभावाला शनिवारी रात्री वर्धा रोडच्या नाकाबंदीत थांबवलं. मशीनच्या पावतीवर १०० मिली रक्ताला ४८ मिग्रॅ अल्कोहोल (मर्यादा ३०), खाली त्याचीच सही. म्हणजे आकड्यावर वाद घालायचा नाही. खाजगी कार, अपघात नाही, आधीची केस नाही. कार सोडवून आणली, लायसन्स मात्र जमा आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ वाचलं: पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हे चलान ऑनलाइन भरून मिटत नाही, कोर्टात उभं राहावंच लागतं, तेही माहीत आहे. गुन्हा कबूल करून दंड भरायची तयारी आहे, त्यामुळे 'ओळखीने मिटवा' हा सल्ला नको भाऊ.

अडलंय लायसन्सवर. कलम २०६ प्रमाणे पोलीस ते आरटीओकडे पाठवतात आणि कलम १९ प्रमाणे तिथे म्हणणं ऐकून पहिल्या वेळी ३ महिने अपात्र ठरवता येतं. खिडकीवर विचारलं, अजून पोचलंच नाही म्हणाले. डिजिलॉकरमध्ये तर अजूनही 'ॲक्टिव्ह' दिसतंय! त्याच्या भरवशावर गाडी काढू नको, एवढं त्याला बजावलंय.

नोकरी बुटीबोरीला, रात्रपाळी, म्हणून तारखा नक्की हव्यात. ज्यांनी अलीकडे नागपुरात हे केलंय त्यांनीच सांगा: ३ महिने जप्तीच्या दिवसापासून धरले की आरटीओच्या आदेशापासून? आणि कोर्टात दंड भरल्याची पावती सुनावणीआधी द्यावी लागली का?