मदत हवी आहे: आखाजीआधी (अक्षय्य तृतीयेआधी) मातीच्या भिंतीला प्लास्टर होणार, आतल्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांचं काय करू?

अमळनेर तालुक्यात आमचं जुनं धाब्याचं (मातीच्या सपाट छपराचं) घर आहे. मागच्या अंगणाची भिंत मातीची, पूर्वेला तोंड असलेली. आखाजीला नणंदा माहेरी येतील, त्याआधी तिला सिमेंटचं प्लास्टर करायचं असं नानांनी (माझे सासरे) ठरवलंय. गवंडीही सांगून ठेवलाय. पण त्या भिंतीत करंगळी जाईल एवढी वीस-पंचवीस भोकं आहेत आणि त्यांत या एकट्या राहणाऱ्या मधमाश्या आहेत.

घरात सगळे त्यांना कुंभारीण माशी समजत होते. कुंभारीण चिखलाचं घर भिंतीवर बाहेरून चिकटवते, या तर आत कोरतात. काळ्या पोटावर चमकदार निळे पट्टे, एका फुलावर क्षणभरच टेकतात. पोळं नाही, राणी नाही, साठवलेला मध नाही. प्रत्येक मादी आपलं बीळ एकटीच करते, आपल्या अंड्यांची सोयही एकटीच लावते. दिवेलागणीला नर तुळशीच्या वाळल्या काडीला जबड्याने धरून झोपतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मेलेत असं वाटून मी काडी हलवली, तर पाय झाडू लागले!

परसात भरताच्या वांग्यांची बारा झाडं आहेत, म्हणून जास्त जीव लागलाय. वांग्याच्या फुलात पराग वर उघडा नसतो. पुंकेसराच्या टोकाला बारीक छिद्र असतं, मीठदाणीसारखं. ही माशी फूल घट्ट धरते, पंखांचे स्नायू थरथरवते आणि पराग झरझर खाली पडतो. पोळ्यातल्या मधमाशीला हे जमत नाही.

गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. गुलाबाच्या पानांना कडेने गोल काप दिसले, कीड समजून मी औषध फवारलं. ती पान कापणारी माशी होती. ते तुकडे ती खात नाही, पोकळ काडीत नेऊन पिल्लांसाठी कप्पे करते. गुलाबाचं काही बिघडलं नव्हतं, माशा मात्र नंतर दिसल्याच नाहीत. तसं पुन्हा माझ्या हातून व्हायला नको.

नाना म्हणतात, "माशाच त्या, दुसरीकडे जातीन." भिंतीतून त्यांना हलवता येतं का? आणि आपल्या उन्हाळ्यात त्यांना फुलं कुठली पुरवू?

प्रतिसाद १

ताई, हलवू नका. मोठ्या माशा उडून जातील, पण बंद कप्प्यांतल्या अळ्यांना जाता येत नाही, प्लास्टरखाली त्या तिथेच मरतील. नानांना एवढंच विचारा, भोकांचा पट्टा सोडून बाकी भिंत केली तर चालेल का? भोवती चौकट काढली की वाईटही दिसणार नाही.

शेजारी नवी जागा करून ठेवा. जुन्या लाकडी खोक्यात ओली माती ठासून भरा, अर्धवट वाळली की बोटभर खोल भोकं पाडा आणि पावसापासून आडोशाला ठेवा. काळी माती घेऊ नका, वाळली की तडकते. धाब्यावर टाकतात ती पांढरी माती घ्या. पान कापणाऱ्या माशीसाठी एका टोकाला गाठ असलेल्या बांबूच्या कांड्या आडव्या बांधा, दुपारचं ऊन लागणार नाही अशा.

फुलांसाठी तुळस आणि सब्जा. पाणी देत राहिलात तर उन्हाळ्यातही मंजिऱ्या येतात, फक्त सगळ्या खुडू नका. बांधावर करंज असेल तर तोही याच दिवसांत फुलतो. पावसाळ्यात कडेला ताग आणि तूर पेरा, त्यांवर मोठे काळे भुंगेही येतील. गोंड्यासारखा गच्च झेंडू मात्र या माशांच्या फारसा कामाचा नाही.

धागाकर्ती

नाना पट्टा सोडायला तयार आहेत! त्यांची एकच अट, नणंदांच्या मुलांना माशा चावायला नकोत. पांढरी माती घरात अर्धी गाडी पडून आहे. भोकं पेन्सिलने पाडू का?

प्रतिसाद १

पेन्सिलीपेक्षा जरा जाड, करंगळीएवढी काडी घ्या. चावण्याचं म्हणाल तर नराला नांगीच नसते. मादीला असते, पण राखायला पोळं नाही, म्हणून ती अंगावर येत नाही, हातात धरली तरच डसते. मुलांना भोकांत काड्या घालू नका एवढं सांगून ठेवा.